बटनाची खोली

दिवाबत्ती खात्यात नोकरी केली की दोन गोष्टी आपोआप साठत जातात, फ्यूज उडालेले बल्ब आणि किस्से. बल्ब निदान फेकून तरी देता येतात! किश्श्यांचं काय करायचं? चार जुने दोस्त जमले, चहाचे कप हातात आले, की कोणीतरी म्हणतंच, "भाऊ, ते सिग्नलचं सांगा ना!" मग मी सुरू होतो. आतून बायको ओरडते, "झालं, लागला लाल दिवा! आता कोणी घरी जात नाई!"

गावाचं नाव मात्र विचारू नका. वर्धा जिल्ह्यातलं आहे, एवढं पुरे.

आमचा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशातून नुकताच मुंबई राज्यात आला होता. नवं राज्य, नवी राजधानी. आमच्या नगरपालिकेचे अध्यक्ष वकील होते. काहीतरी कामानिमित्त ते मुंबईला जाऊन आले आणि तिथले चौकातले दिवे पाहून त्यांच्या डोक्यात दिवा पेटला. परत आल्यावर सभेत म्हणाले, "मुंबईत चौकाचौकात सिग्नल आहे. आपण मुंबईच्या एक पाऊल पुढे जाऊ. तिन्ही चौकांचे दिवे एकाच खोलीत बसून चालवू!"

एक सभासद म्हणाले, "पण साहेब, आपल्या गावात मोटारी कुठं हायेत?"

"मोटारी येतील. आधी सिग्नल पाहिजे," अध्यक्ष म्हणाले.

नगरपालिकेच्या गच्चीवर जुने कंदील टाकायची एक टिनाची खोली होती. ती झाडून घेतली. कापूस बाजाराचा चौक, ठेसनचा चौक आणि गुजरीचा चौक, तिन्ही तिथून दिसायचे. मी वायरमन. मी तिन्ही चौकांतून वायर ओढून आणली आणि एका फळीवर बटनं बसवली. वर एक दुर्बीण आणि बोलायला एक माइक, त्याचे भोंगे चौकाचौकात खांबावर. लोकांनी तिचं नाव ठेवलं बटनाची खोली.

ती बटनं दाबायला सुखदेवला घेतलं. गावापासून कोसभर अंतरावरच्या वस्तीतला पोरगा, मॅट्रिकला एकदा आपटलेला. बापासोबत नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. घराण्यात पहिलाच नोकरीवाला, पण नोकरी एका वर्षाची, टेम्पररी. स्कीम चालली तर कायम, नाहीतर रामराम.

आणि नेमकं तिथंच त्याचं घोडं अडलं होतं. वडनेरची एक पोरगी त्याने पसंत केली होती, पोरीलाही तो पसंत होता. पण पोरीच्या बापाची एकच अट, "आधी कायम हो, मग बोलू."

त्यामुळे आम्ही रोज सकाळी त्याला विचारायचो, "काय सुखदेव, वडनेरचा सिग्नल काय म्हणते?"

तो उसासा टाकून म्हणायचा, "लालच हाय भाऊ अजून!"

* * *

उद्घाटन केलं भर उन्हाळ्यात. आमच्याकडचा उन्हाळा ज्यांनी पाहिला नाही त्यांना काय सांगू! कापूस बाजाराच्या चौकात मांडव टाकला, हारतुरे झाले, भाषण झालं. अध्यक्षांनी गच्चीवर जाऊन पहिलं बटन दाबलं आणि माइकवरून मोठ्या थाटात विचारलं, "सांगा पाहू, कोणता दिवा लागला?"

अर्धे लोक ओरडले, "लाल!"

अर्धे ओरडले, "हिरवा!"

त्या उन्हात दिवा लागला की नाही हेच कोणाला कळत नव्हतं. डोळ्यावर हात धरून एक म्हातारा खांबाखाली जाऊन उभा राहिला, बराच वेळ वर पाहत राहिला आणि म्हणाला, "साहेब, मले तं ऊनच दिसून राह्यलं!"

दुसऱ्या दिवशी मी गोड्या तेलाचे रिकामे डबे कापून दिव्यांना टोप्या केल्या. तेव्हा कुठे लाल आणि हिरवा वेगळे दिसायला लागले.

* * *

तिन्ही चौकांत पूर्वी आळीपाळीने एक हवालदार उभा असायचा. सिग्नल आल्यावर त्याला हटवायला हवं होतं, पण तो काही हटेना. खांबाखालीच उभा राहायचा. लाल लागला की हात वर, हिरवा लागला की हात खाली. अध्यक्षांनी त्याला समजावलं, "अहो, आता दिवा आहे ना! तुमची काय गरज?"

तो म्हणाला, "साहेब, दिवा बरोबर हाय. पण दिव्याच्या हातात काठी कुठं हाय?"

अध्यक्ष वकील होते, पण हा खटला हरले. हवालदार राहिला.

* * *

मग आला लग्नसराईचा मोसम. गुजरीच्या चौकात एक वऱ्हाडाची बंडी लाल दिव्याला थांबली. बंडीत नवरीची आजी. तोंडात पान, आवाज खणखणीत. मुहूर्त जवळ आलेला आणि बंडी हलेना. तिने गाडीवानाला विचारलं, "काऊन थांबला रे?"

"लाल हाय आजी."

"मंग?"

"लाल म्हन्जे थांबाचं. हिरवा म्हन्जे जाचं."

आजी बंडीतून खाली उतरली. खांबाजवळ गेली, दिव्याकडे पाहिलं, आणि हवालदारालाच धरलं, "काहो, लाल म्हन्जे कुकू. हिरवा म्हन्जे चुडा. दोन्ही शुभ! याच्यात थांबाचं काय हाय?"

हवालदार वरच्या गच्चीकडे पाहायला लागला. वर सुखदेवने दुर्बिणीतून हे सगळं पाहिलं होतं. त्याने मुकाट्याने हिरवा केला.

मी म्हटलं, "अरे, असं कोणाच्याही म्हणण्यावर करशील तर कसं व्हायचं?"

तो म्हणाला, "भाऊ, मले बी लगीन करायचं हाय. आजीचा तळतळाट कोण घेते!"

* * *

त्या माइकचा मात्र सुखदेवला फार शौक. नियम मोडणाऱ्याला वरून हाक मारायची आणि शरमिंदा करायचं, ही अध्यक्षांचीच सूचना. आवाज त्याचा चांगला होता. "ओ सायकलवाले दादा, उतरा!" म्हटलं की सायकलवाला खरंच उतरायचा आणि आभाळातून कोण बोललं म्हणून वर पाहायचा.

एक दिवस ठेसनच्या चौकात एक गृहस्थ लाल दिव्यातून खुशाल चालले होते. सुखदेवने दुर्बीण लावली आणि माइक हातात घेतला.

"ओ पांढऱ्या टोपीवाले भाऊ! लाल हाय! जागच्या जागी थांबा!"

आता वर्धा जिल्हा म्हणजे काय! तिथे पांढरी टोपी नाही असा माणूस शोधावा लागायचा. शेतकरी, मास्तर, दुकानदार, टांगेवाला, सगळ्यांच्या डोक्यावर पांढरी टोपी. सगळा चौक जागच्या जागी थिजला. ज्यांना हिरवा होता तेही थांबले. कोर्टातून येणारे आमचे अध्यक्षसुद्धा एक पाय उचललेला तसाच धरून उभे!

सुखदेवच्या लक्षात आलं. घाईघाईने तो म्हणाला, "तुम्ही नाई, तुम्ही नाई! मागचे!"

सगळ्या चौकाने वळून मागे पाहिलं. अध्यक्षांनीही.

तोवर ज्याच्यासाठी हाक होती तो गृहस्थ ठेसनात पोचून गाडीत बसला होता. आता तो बोडका होता, हाक ऐकताच टोपी त्याने खिशात ठेवली होती.

* * *

आता पोळ्याचा किस्सा. हा जरा नाजूक आहे.

आमच्याकडे पोळ्याला आखरावर, म्हणजे गावाबाहेर गुरं जमतात त्या मैदानावर, आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. सजवलेल्या बैलजोड्या तोरणाखाली जमतात. मानाची जोडी आधी पुढे जाते, तोरण तुटतं, आणि मग बाकीच्या जोड्या सुटतात. पिढ्यान् पिढ्या मान होता मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा. पण सरकारने मालगुजारी काढली तेव्हापासून जिनिंगवाले शेठ म्हणायला लागले, "मालगुजारी गेली, आता मान कशाचा? आमची जोडी पहिली!"

त्या वर्षी पावसाने आखरात चिखल केला होता, म्हणून तोरण बांधलं गुजरीच्या चौकात. एका रस्त्यावर मालगुजाराची जोडी, समोरच्या रस्त्यावर शेठची. दोन्हीकडे लाठ्या निघाल्या. अध्यक्ष मध्ये पडले आणि त्यांना युक्ती सुचली. "भांडू नका! सिग्नल आहे ना! ज्या रस्त्याला पहिला हिरवा, त्याचा मान!"

दोन्ही पक्ष तयार झाले. इकडे आमच्या खोलीत मालगुजाराच्या घरून पुरणपोळ्यांचं ताट आलं. थोड्या वेळाने शेठच्या घरूनही आलं, वर तुपाची वाटी. आम्ही दोघांनी दोन्ही ताटं साफ केली. मग सुखदेवच्या तोंडचं पाणी पळालं.

"भाऊ, याले हिरवा देला तं तो मारते, त्याले देला तं हा मारते. मी काय करू?"

"वडनेरचा विचार कर आणि कोणालातरी दे," मी म्हटलं.

चौकाला तिसरा रस्ताही होता. तिथून नगरपालिकेच्या कचरागाडीची जोडी येत होती. सफाईच्या लोकांनी त्या दिवशी बैलांना धुऊन काढलं होतं, शिंगांना रंग, गळ्यात झेंडूच्या माळा, पाठीवर पोत्याची झूल. ती बिचारी सगळ्यांच्या मागे उभी राहायला येत होती. सुखदेवने दुर्बिणीतून पाहिलं आणि तिसऱ्या रस्त्याचं बटन दाबलं.

कचरागाडीचा गाडीवान म्हणजे नगरपालिकेचा नोकर. हिरवा दिसला की जायचं, असा त्याला वरून हुकूम होता. तो गेला! सरळ तोरणाखालून! बैलाच्या शिंगात तोरण अडकलं, तुटलं आणि त्याच्याच गळ्यात पडलं.

मग कोणीतरी मागून ओरडलं, "नगरपालिकेचा बैल जिंदाबाद!" आणि जो हशा पिकला! लाठ्या खाली आल्या, शेठही हसायला लागले, सगळ्या जोड्या सुटल्या. तोरण तुटलं म्हणजे पोळा फुटला, त्यात मागेपुढे काही चालत नाही.

मालगुजार तेवढे हसले नाहीत. ते नगरपालिकेचे सभासदही होते. गच्चीकडे पाहून म्हणाले, "हा पोरगा कायम कसा होते, तेच पाहतो मी!"

सुखदेवचा चेहरा उतरला. त्याच्या लग्नाचा लाल दिवा आता मालगुजाराच्या हातात गेला होता.

* * *

कापसाचा हंगाम सुरू झाला. कापसाच्या बंड्यांची ही रांग! शिस्त लागावी म्हणून सुखदेवने पंधरवडाभर माइकवरून एकच पाठ घोकून घेतला होता, "हिरवा दिसल्याबिगर बैल हाकू नका!" गाडीवान लोक भले. त्यांनी ते मनावर घेतलं.

एक दिवस भर दुपारी बत्ती गेली. लाल गेला, हिरवा गेला, माइकही गेला. मी खांबावर चढून बघतोय, बिघाड सापडत नाही. खाली उतरून पाहतो तर कापूस बाजाराच्या चौकात चारही बाजूंनी बंड्या उभ्या. कोणीच हलत नाही. थोड्या वेळाने लोकांनी बैल सोडले, पुढ्यात कडबा टाकला. भाकरी सुटल्या, ठेचा निघाला. दोघेचौघे बंडीखाली आडवे झाले.

बाजारात व्यापारी बोंबलायला लागले, लिलाव खोळंबला. फौजदार धावत आला. "अरे, रस्ता मोकळा आहे, जा ना! निघा!"

एक गाडीवान कोपरावर उठून बसला आणि म्हणाला, "हिरवा कुठं झाला साहेब?"

"अरे, दिवाच गेलाय!"

"मंग येऊ द्या त्याले. आमाले घाई नाई."

फौजदाराने हवालदाराला म्हटलं, "तुझी काठी दाखव यांना." हवालदार सावलीत बसून एका गाडीवानाचीच भाकर खात होता.

शेवटी मी झेंडूच्या माळा विकणाऱ्या बाईचं वाळत घातलेलं हिरवं लुगडं मागून आणलं आणि खांबाला बांधलं. तेव्हा बंड्या निघाल्या. ते लुगडं संध्याकाळपर्यंत खांबावर होतं आणि ती बाई संध्याकाळपर्यंत माझ्या नावाने शंख करत होती.

* * *

वर्ष संपत आलं. नागपूरहून एक मोठे साहेब स्कीम पाहायला येणार होते. त्यांनी मान डोलावली तर स्कीम कायम आणि सुखदेवही कायम. सुखदेवने आदल्या दिवशी सगळ्या काचा स्वतः पुसल्या. वडनेरचा बाप म्हणाला होता, "आता पक्कं काय ते सांगा, दुसरं ठिकाण आलं हाय." पोराला दोन दिवस अन्न गोड लागत नव्हतं.

साहेब आले. गच्चीवर खुर्च्या टाकल्या, चिवड्याच्या बशा ठेवल्या. अध्यक्ष दुर्बिणीतून त्यांना चौक दाखवत होते. सगळं झकास चाललं होतं. टांगे थांबत होते, सायकली उतरत होत्या. मालगुजारांनाही चहाचं बोलावणं होतं, ते आपल्या जीपने येणार होते. सभासदांत त्यांचा शब्द मोठा. ते साहेबांच्या कानात काय सांगतात याचीच आम्हाला धास्ती होती.

गुजरीच्या चौकात त्यांची जीप आली. लाल लागला. एरवी ते थांबते की नाही कोण जाणे, पण वर साहेब उभे होते. जीप थांबली.

आडव्या रस्त्याला हिरवा होता आणि त्या रस्त्याच्या टोकाला डोमाबाबा उभा होता. डोमाबाबा म्हणजे सुखदेवचा बाप. पोराचा आज निकाल म्हणून डोक्यावर भाकरीचं गाठोडं घेऊन म्हातारा वस्तीवरून पायी आला होता. त्याने जीप पाहिली. आणि तो रस्ता सोडून नालीच्या कडेला उतरला. पायातल्या वाहाणा काढून हातात घेतल्या आणि मान खाली घालून उभा राहिला.

मालगुजारांची गाडी यायची तेव्हा त्या वस्तीतल्या लोकांनी असंच उभं राहायचं, हा जुना रिवाज होता. गाडी पुढे गेल्यावर मग चालायचं. म्हाताऱ्याने नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, घरातले देव सोडले, पण पायाची सवय काही सुटली नव्हती.

जीपला लाल होता, म्हणून जीप जाईना. जीप जाईना, म्हणून म्हातारा जाईना.

जीपच्या मागे टांगे लागले, टांग्यांच्या मागे बंड्या. मालगुजार घामाघूम होऊन वर पाहायला लागले. अध्यक्ष दात खाऊन कुजबुजले, "अरे, कर ना त्यांना हिरवा!"

सुखदेवने बटनाला हात लावला नाही.

मी त्याला चिमटा काढला. "सुखदेव, वडनेर!"

त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

साहेबांनी दुर्बीण लावली. "तो म्हातारा कोण आहे?"

"माहा बाप हाय साहेब."

"मग हिरवा असून जात का नाही?"

"जीप गेल्याबिगर तो जात नाई साहेब. कधीच गेला नाई."

"आणि जीप?"

"जीपले लाल हाय."

साहेबांनी दुर्बीण डोळ्यांवरून काढली. सुखदेवने माइक जवळ ओढला. नेहमीचा खणखणीत आवाज त्या दिवशी नव्हता.

"बाबा, वाहाणा घाला. हिरवा तुमचा हाय."

डोमाबाबाने दचकून भोंग्याकडे पाहिलं. मग दिव्याकडे, मग जीपकडे. त्याने वाहाणा जमिनीवर ठेवल्या. एक पाय घातला. थांबला. दुसरा घातला. आणि रस्त्यावर आला. कडेने नाही, मधून. जीपचा हॉर्न एकदा वाजला. म्हाताऱ्याचे खांदे जरा आवळले, पण पाय थांबले नाहीत. खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले होते.

साहेबांनी अध्यक्षांना विचारलं, "हा मुलगा तुमच्याकडे टेम्पररी आहे?"

अध्यक्ष वकीलच ते. म्हणाले, "होता साहेब! आत्तापर्यंत होता!"

मी सुखदेवच्या पाठीवर थाप मारली. त्याने एकदा हसून माझ्याकडे पाहिलं आणि जीपला हिरवा करायला हात पुढे केला.

"थांबा," साहेब म्हणाले. ते कठड्यावरून खाली पाहत होते.

डोमाबाबा पलीकडे पोचला होता. तिथे उभं राहून त्याने मागे वळून दिवा पाहिला. हिरवाच होता. जीपकडे पाहिलं. जीप उभीच होती. त्याने डोक्यावरचं गाठोडं नीट केलं आणि तो रस्त्याच्या मधून चालत पुन्हा पहिल्या कडेला परत आला.